शवासनातली उद्घोषणा

आजही मी चटईवर उताणी पडले, हातपाय सैल सोडून डोळे मिटले, की माझे कान आपोआप टवकारतात. शवासनात कान टवकारायचे नसतात हे मला ठाऊक आहे. पण जळगावच्या मुक्कामात ती खोड लागली ती लागलीच. वाटत राहतं, आता उजवीकडून घसा खाकरल्याचा आवाज येईल, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एक भारदस्त, जरासा नाकातला आवाज म्हणेल, "साधकांनी कृपया लक्ष द्यावे. आमची डावी नाकपुडी आज उशिराने धावत आहे."

हे आमचे नाना. माझे घरमालक.

मी मूळची धुळ्याची. जळगावच्या एका शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. दार नानांनीच उघडलं. मी नमस्कार करून खोलीबद्दल विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेले. मी ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागले होते, तेवढ्यात त्यांच्या मंडळी, म्हणजे अक्का, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ये माय, बस. ते असेच हायेत," म्हणाल्या. पुढचं सगळं बोलणं अक्कांशीच झालं. नाना समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि अक्का मधूनमधून त्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांचं म्हणणं मला सांगत होत्या. भाडं मागंपुढं झालं तरी हरकत नाही, पण सकाळचा योगवर्ग चुकता कामा नये, अशी त्यांची अट होती. हे ऐकून नानांनी डोळे मिटून उघडले. त्याचा अर्थ "बरोबर" असा होतो, हेही अक्कांनीच सांगितलं.

मला फार वाईट वाटलं. एवढा उंचापुरा माणूस आणि बिचाऱ्याची वाचा गेलेली. काय झालं असेल, घशाचं ऑपरेशन की आणखी काही, असा विचार करत मी सामान लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अटीप्रमाणे केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे कॉलनीतलं छोटं सभागृह. आम्ही साधक मोजकेच, आणि शिकवायला एक ताई. या योगपरिवाराची एक जुनी रीत होती. वर्ग संपताना प्रत्येकानं आपल्या आयुष्यात काय चाललं आहे ते खरंखरं सांगायचं. त्याला स्वनिवेदन म्हणायचे. पूर्वी हे गोल बसून होत असे. पण आमच्यानंतर लगेच तिथे बालवाडी भरायची आणि मुलं दाराशी येऊन रडायला लागायची, म्हणून वेळ वाचवायला ताईंनी निवेदन शवासनातच उरकायचं ठरवलं होतं. पडल्या पडल्या, डोळे मिटून, ज्याला जे सांगायचं ते त्यानं सांगावं.

त्या दिवशी कुणी म्हणालं, मन प्रसन्न आहे. कुणी म्हणालं, गुरुकृपेनं शांत वाटतं. माझा डोळा लागत आला होता. तेवढ्यात शेजारच्या चटईवरून घसा खाकरला गेला आणि तो आवाज आला. मी दचकून उठून बसले. नाना डोळे मिटून पडले होते आणि खणखणीत आवाजात सांगत होते, की काल त्यांच्या घरी नवीन भाडेकरू दाखल झाल्या आहेत, त्या धुळ्याच्या आहेत, त्यांच्या चपला फार वाजतात, आणि हे त्यांना तोंडावर सांगण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही, याबद्दल दिलगिरी आहे.

नंतर कळलं की नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे ध्वनिक्षेपकावरून सांगणारे. पाचोरा, अमळनेर, जळगाव अशी सारी नोकरी त्या काचेमागे गेली. साऱ्या स्थानकाला त्यांचा आवाज माहीत होता आणि तोंड कुणालाच माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर हाती माईक नाही म्हटल्यावर त्यांचं बोलणंच बंद पडलं. ते पुन्हा सुरू झालं ते थेट केंद्रावरच्या शवासनात.

घरी मात्र कडकडीत मौन. चष्मा कपाळावर सरकवला की चहा हवा. पेला उलटा घातला की पुरे. ताटावर हात आडवा धरला की भाकरी नको, आणि हात उभा धरला की का कोण जाणे, लोणचं. अक्कांना ही सगळी भाषा पाठ होती. पण माणसाला नुसती खुणांची भाषा किती दिवस पुरणार? अक्का मग कुकरशी बोलायच्या, नळाशी बोलायच्या, दारात येणाऱ्या गाईची तर सगळी माहेरची चौकशी करायच्या. मी शाळेतून आले की मला चहा देऊन पहिला प्रश्न हाच असायचा, की आज केंद्रावर हे काय बोलले. मी जमेल तसं सांगायचे. अक्का हसायच्या. हसून झालं की माझा रिकामा कप उचलून आत जायच्या.

केंद्रावर बाकीचे लोक निवेदन म्हणून जे बोलायचे ते कालही तेच आणि उद्याही तेच. त्या रिवाजाला खरं मानणारे एकटे नाना. त्यांचं निवेदन पोटापासून सुरू व्हायचं. ताईंनी एकदा गोडीनं सुचवलं, की निवेदन थोडक्यात असावं. तेव्हापासून नाना आधी विषय जाहीर करू लागले. "प्रथम पोटाविषयी. त्यानंतर शेजाऱ्यांविषयी. शेवटी सूचना." पोटाचा भाग तब्येतीत चालायचा. त्यात काल रात्रीची डाळ कुठवर पोहोचली, कुठे खोळंबली, मार्ग मोकळा केव्हा झाला, सगळं यायचं. शवासनातून मध्येच उठून जाता येत नाही, याचा आम्हां सगळ्यांना फार त्रास झाला, आणि पुढे त्याचीच चटक लागली.

नानांच्या पलीकडे कापसाचे व्यापारी असलेले एक शेठ असायचे. पाठ टेकली की ते घोरायला लागायचे. "शेजारच्या चटईवरून घोरणे सुटत आहे," असं नाना जाहीर करायचे आणि मगच पुढे बोलायचे. याच शेठचं शीर्षासन फार देखणं व्हायचं. एके दिवशी नानांनी निवेदन केलं, की शेठ उलटे उभे असताना ते पडावेत असा विचार आपल्या मनात आला. शेठ पडले नाहीत. विचार मात्र अजून मुक्कामाला आहे. त्यानंतर आठवडाभर शेठ भिंतीला टेकून शीर्षासन करत होते.

गंमत अशी, की या निवेदनांनी कामं व्हायची. दुधात पाणी जास्त आहे हे नाना दूधवाल्याला बापजन्मात सांगू शकले नसते. त्यांनी ते शवासनात सांगितलं. दूधवाल्याची बहीण दोन चटया सोडून पडलेली होती. दुसऱ्या दिवसापासून दुधावर साय यायला लागली. मीही चपला बदलल्या. नानांचा या पद्धतीवर पक्का विश्वास बसला. त्यांना वाटायचं, सत्य एकदा हवेत सोडलं की ते आपोआप योग्य फलाटाला लागतं.

त्यांची लेक धुळ्याला दिली होती. तिच्याकडे गेले की ते गच्चीवर चटई टाकून पडायचे आणि तिथून केंद्राच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवायचे. सुरुवातीला पाठ टेकल्याचा हुंकार, मग घसा, मग "साधकांनी कृपया लक्ष द्यावे". एका सुट्टीत मी घरी गेले असताना असा निरोप आला, की जावयांनी नवीन पॅन्ट घेतली असून ती त्यांना शोभत नाही, परंतु आपण छान आहे अशा अर्थाने मान हलवली आहे. आई शेजारी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "हाऊ माणूस येडा शे का वं?" मी म्हटलं, माझे घरमालक आहेत. आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "कालना लाव बरं." त्या सुट्टीत तिनं मागचे सगळे निरोप ऐकले आणि नानांचं पोट आता कसं आहे हे ती मला पुढे फोनवर विचारत राहिली.

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग थंडी पडली आणि गुरुजींचा संदेश आला.

गुरुजी म्हणजे परिवाराचे प्रमुख. ते बाहेरगावी असायचे. संदेश असा, की या हिवाळ्यात प्रत्येक साधकानं एक तामसिक पदार्थ सोडावा. सोबत तामसिक कशाला म्हणायचं तेही दिलं होतं. वांगं, लसूण, हिरवी मिरची, मश्रूम. जळगावात, ऐन हिवाळ्यात, त्यातली पहिली तीन नावं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, त्यात मिरची-लसूण ठेचून केलेलं भरीत, वरून कांद्याची पात आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हे खाण्यासाठी इथली माणसं थंडीची वाट बघतात. गुरुजींच्या गावी हे कुणी त्यांना सांगितलेलं दिसत नव्हतं.

साधकांनी आपापल्या परीनं वाट काढली. शेठनी मश्रूम सोडले. ते त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. ताईंनी बाहेरच्या जेवणातला लसूण सोडला. मी कच्ची मिरची सोडली. मग घसा खाकरला गेला आणि नानांनी जाहीर केलं, की ते भरीत सोडत आहेत. दोघंतिघं शवासनातून उठून बसले. नानांना ते दिसलं नाही, त्यांचे डोळे मिटलेले होते. भरतामुळे आपल्या साधनेची वाट अडली होती, ती आता मोकळी झाली, असंही त्यांनी वर जोडलं.

मला धडकीच भरली. कारण अक्का. अक्का माहेरच्या सावद्याकडच्या, आणि त्यांच्या भरताला अख्ख्या कॉलनीत मान होता. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी त्या भरीत करायच्या आणि पहिलं वाढप नानांना. ते गरम भरीत नाना एकही शब्द न बोलता संपवायचे आणि मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर अक्कांचा पुढचा आठवडा जायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांबरोबर बाजारात गेले होते. सकाळचं त्यांना सांगायचं कसं हे मला उमगत नव्हतं. त्यांनी एकेक वांगं हातावर तोलून पिशवीत भरलं, तेव्हा भाजीवाली हसत म्हणाली, की आता वांगी कशाला घेता, नानांनी तर सोडलं ना भरीत, साधनेत अडथळा येतो म्हणे. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून एकेक वांगं काढून पुन्हा ढिगावर ठेवलं.

घरी येऊन त्यांनी नानांना सरळ विचारलं, की हे खरं आहे का. नानांनी डोळे मिटून उघडले. अक्का आत गेल्या आणि लुगडी-पातळं बॅगेत भरू लागल्या. मी समजूत घालायला गेले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "भरीत सोडलं तं सोडलं पोरी. त्याचं मले काई नाई. पन साऱ्या गावाले सांगितलं, अन् मले भाजीवालीनं सांगितलं. मी काय गावाच्याबी बाहेरची हाये?"

सकाळी त्या रावेर गाडीनं सावद्याला भावाकडे निघाल्या. नाना बॅग घेऊन स्थानकावर आले. मी मनातून म्हणत होते, बोला, एक शब्द तरी बोला. गाडी लागली. नानांनी तोंड उघडलं, फलाटाचा आकडा सांगितला आणि मिटलं. अक्का गाडीत चढल्या आणि खिडकीतून त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर घरात नुसते मूग शिजायला लागले. नानांना दुसरं काही येत नव्हतं. मी माझ्या वरच्या खोलीतून भाजी नेऊन द्यायचे, ते डोळे मिटून आभार मानायचे. चहासाठी चष्मा कपाळावर सरकवून ते बसून राहायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं, की ती खूण ओळखणारं घरात कुणी नाही. ते पाहून मला हसू यायचं आणि हसल्याची लाजही वाटायची.

केंद्रावर निवेदन मात्र चालूच होतं. "घरात शांतता वाढली आहे," ते म्हणाले. "ही शांतता साधनेची नाही. तपास चालू आहे." आणखी एका सकाळी म्हणाले, "सावद्याकडे गेलेली गाडी केव्हा परतेल याची माहिती अद्याप मिळालेली नाही. मिळताच कळविण्यात येईल." त्या दिवशी शेठ घोरले नाहीत. मागच्या चटयांवरून नाक ओढल्याचा आवाज आला. ताईंनी वर्ग संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की नाना, फोन करा. अक्कांचा फोन साधा, बटणांचा. त्यावर आवाजी निरोप जायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी नानांनी निवेदन केलं, की फोन केला होता. पलीकडून कोण आहे असं विचारण्यात आलं. आपण आहोत असं सांगायचं होतं. परंतु आवाज ऐकला की तोंड दिसतं, म्हणून फोन ठेवण्यात आला.

मग गुरुजी हिवाळी शिबिराला यायचे ठरले आणि जागेचा प्रश्न निघाला. शवासनात नाना म्हणाले, की सावद्याजवळ एक केळीचा मळा आहे, शेड मोठी आहे, पाण्याची सोय आहे, मालक आपले नातेवाईक आहेत. हा मळा कुणाच्या भावाचा हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटूनच होकार दिला.

अक्कांचे भाऊ मोठे बोलघेवडे. ऐन थंडीत मळ्यात पाहुणे येणार आणि मूग खाऊन जाणार, हे त्यांच्या पचनी पडेना. पण शिबिराचा नियम म्हणजे नियम. तेव्हा त्यांनी साधकांसाठी मूग लावले आणि मळ्यातल्या मजुरांसाठी म्हणून भरताची तयारी केली. एवढी वांगी आली होती, की तालुक्यातले सगळे मजूर जेवायला येणार असावेत. भट्टीपाशी अक्का होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली, माझ्या गालावर हात फिरवला, गुरुजींच्या पाया पडल्या. नाना समोर आले तशा त्या काड्या मोडायला वळल्या.

शेडमध्ये गुरुजींसाठी ध्वनिक्षेपक लावला होता. केळीच्या बागेकडे तोंड करून दोन कर्णे बांधले होते. नानांनी माईक हातात घेऊन त्यावर बोटानं हळूच टकटक केली. त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला.

आम्ही चटया अंथरल्या. गुरुजींचा स्वर अतिशय मऊ. दीर्घ श्वास घ्या, म्हणाले, जे आत येतं त्याला येऊ द्या, त्याकडे नुसतं पाहा. आम्ही दीर्घ श्वास घेतला, आणि त्याच वेळी वाऱ्यानं दिशा बदलली. कपाशीच्या काड्यांचा धूर, वांग्याची जळती साल आणि पाठोपाठ तव्यावरची मिरची-लसूण, असं सगळं ओळीनं आत आलं. असा मनापासून प्राणायाम त्या परिवारात कुणी कधी केला नसेल. श्वास घ्या म्हटलं की सगळे घेत होते, सोडा म्हटलं की कुणी सोडत नव्हतं. शेठच्या पोटातून लांबच लांब आवाज निघाला. गुरुजींनी थोडा वेळ तो वासही साक्षीभावानं पाहिला. मग ताईंकडे झुकून हळूच विचारलं, हे काय आहे. ताईंनी सांगितलं. गुरुजींनी आवंढा गिळला.

शवासन आलं. गुरुजींनी सांगितलं, की या परिवारातल्या एका साधकानं या भूमीतला सर्वांत कठीण त्याग केला आहे, त्याचं निवेदन ऐकू या आणि मग त्याचा शाल घालून सत्कार करू या. ताईंनी माईक नानांच्या छातीवर ठेवला. घसा खाकरला गेला. तो कर्ण्यांतून साऱ्या मळ्यात खाकरला गेला.

"साधकांनी कृपया लक्ष द्यावे. आज आमचा सत्कार आहे. तो रद्द करण्यात येत आहे." मग बराच वेळ नुसती खरखर. "भरीत सोडल्याचं निवेदन चुकीचं होतं. भरीत आपल्याला आवडत नाही. पहिल्यापासून आवडत नाही."

खुनाची कबुली दिली असती तरी लोक एवढे हबकले नसते. बागेतले मजूर काम थांबवून उभे राहिले. अक्कांचे भाऊ हातातली परात घेऊन शेडच्या दाराशी आले. जळगाव जिल्ह्यात जन्मलेला माणूस, सावद्याचा जावई, आणि त्याला भरीत आवडत नाही.

नाना डोळे मिटून सांगत राहिले. मुलगी बघायला याच मळ्यात आलो होतो. पानात भरीत वाढलं. मुलीनं समोर येऊन विचारलं, कसं झालं. आपण तिच्याकडे पाहिलं आणि आपली वाचा बसली. आपण मान हलवली. मुलगी हसली. तेव्हापासून भरीत येत आहे आणि मान हलत आहे. गुरुजींचा संदेश आला तेव्हा वाटलं, आता न सांगता सुटता येईल. साधनेच्या वाटेत भरीत कधीच आलेलं नव्हतं. कुणाचं मन दुखावलं असल्यास त्याबद्दल, असं म्हणून ते थांबले.

अक्का आल्या. कोळशानं हात काळे झालेले, कपाळाला राख. आम्ही सगळे शवासनात होतो, पण एकाचेही डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. त्या नानांच्या चटईपाशी उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "इतकी वर्सं खाल्लं. येकदा तरी मले सांगायचं व्हतं."

नानांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचा तो स्थानकावरचा आवाज गेला होता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. "तुह्या तोंडाकडे पाह्यलं की मले बोलताच येत नाई," ते म्हणाले. "डोये मिटले की येते."

हेही कर्ण्यांतून साऱ्या बागेला ऐकू गेलं.

अक्का उभ्याच राहिल्या. मला वाटलं, आता वळून परत भट्टीकडे जातील. मग त्यांनी पायानं मला जरा सरकायची खूण केली. मी सरकले. त्या माझ्या चटईवर बसल्या, पदर नीट केला आणि नानांच्या शेजारी उताण्या पडल्या. डोळे घट्ट मिटून घेतले.

"घ्या. मीबी मिटले," त्या म्हणाल्या. "आता सांगा."

नानांचा हात छातीवरच्या माईककडे गेला. त्यांनी चाचपडून बटण शोधलं आणि माईक बंद केला.

पुढचं आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. मी अगदी शेजारी होते, पण मीही ऐकायचं नाही असं ठरवलं. नाना बोलत होते, एवढंच समजत होतं. अक्का मधूनच "हं" म्हणत होत्या. एकदा त्या खुदकन हसल्या. शवासन संपवा असं म्हणायचं गुरुजींना सुचलंच नाही, तेसुद्धा आडवे झाले होते. शेवटी अक्कांच्या भावांनी ओरडून सांगितलं, की भरीत निवतंय. सगळे साधक लगबगीनं उठले आणि मजुरांच्या पंगतीत जाऊन बसले. मूग तसेच राहिले. गुरुजींनी चाखण्यापुरतं घेतलं आणि मग तीनदा चाखलं. नानांनी दही-भाकरी आणि केळं खाल्लं. अक्कांनी स्वतःच वाढलं. वाढताना "पोटात आता काय हाये ते मले सांगा, गावाले नको," म्हणाल्या.

त्यानंतर संध्याकाळी गच्चीवर दोन चटया पडायला लागल्या. मी वरच्या खोलीत राहत असल्यामुळे तेवढा वेळ खाली अक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. कुकर एकटा पडला होता.

केंद्रावर परतल्यावर पहिल्या सकाळी आम्ही सगळे पाठ टेकून वाट पाहत होतो. इतरांनी मन प्रसन्न असल्याचं घाईघाईनं उरकलं. घसा खाकरला गेला.

"साधकांनी कृपया लक्ष द्यावे. सर्व गाड्या वेळेवर आहेत."

एवढंच. आम्ही थांबलो. बाहेर बालवाडीची मुलं रडायला लागली. शेवटी न राहवून शेठनीच डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "नाना, अन् नाकपुडी?"

"ती घरी सांगितली," नाना म्हणाले.